टीसी लावायचा की क्रॉप करायचा? ६०० एमएम, ८०० एमएम आणि झूमची किनाऱ्यावरची तुलना

खाडीकाठ

मंडळी, दर वर्षी थंडी पडली, कुरव-सुरय हे समुद्रपक्षी किनाऱ्यावर उतरले की आपल्या या फोरमवर एकच प्रश्न फिरून फिरून येतो. माझ्याकडे अमुक लेन्स आहे, तिला टेलिकन्व्हर्टर (टीसी, लेन्स आणि बॉडीच्या मधे बसून लांबी वाढवणारा भिंगांचा डबा) लावू, मोठी लेन्स घेऊ, की आहे त्यातच क्रॉप करू, म्हणजे फोटो कापून मोठा करू? उत्तरं पण ठरलेली. एक जण म्हणतो टीसी म्हणजे क्वालिटीची वाट, दुसरा म्हणतो बिनधास्त लाव, काही फरक पडत नाही. मला दोन्ही उत्तरं अर्धवट वाटतात, म्हणून दापोली-गुहागरकडच्या ओळखीच्या लोकांनी आपापल्या लेन्स आणल्या आणि सगळ्या एकाच बॉडीवर लावून बघितल्या.

बॉडी निकॉन झेड ८, म्हणजे ४५ मेगापिक्सेल. लेन्स तीन, ६०० एफ ६.३ पीएफ, ८०० एफ ६.३ पीएफ आणि १८०-६०० झूम (पीएफ म्हणजे खास फ्रेनेल भिंगामुळे हलकी झालेली लेन्स, आणि एफचा आकडा जेवढा मोठा तेवढा प्रकाश कमी). टीसी दोन, १.४ आणि २, म्हणजे लांबी तेवढ्या पट करणारे. ट्रायपॉड, गिंबल हेड, सगळं रॉ मध्ये, एडिटिंगमध्ये शार्पनिंग सगळ्यांना सारखंच.

पहिली जागा आंजर्ल्याच्या खाडीकाठी सावलीत. कॅमेऱ्यापासून पंधरा मीटरवर मासळीचा प्लास्टिकचा क्रेट उभा केला आणि त्यावर दहाची नोट ताणून चिकटवली. नोटेवर गांधीजींच्या चष्म्याजवळ आणि कानामागे ज्या रेघा असतात ना त्या इतक्या बारीक असतात की लेन्सचं पितळ लगेच उघडं पडतं. दुसरी जागा म्हणजे पलीकडे नांगरलेली होडी, दीडशे मीटरच्या आसपास, तिच्या नाळेवर (पुढच्या टोकावर) रंगवलेला नंबर. दोन्ही गोष्टी एकदा उजाडल्यावर लगेच आणि एकदा अकराच्या उन्हात काढल्या.

नोटेचं आधी सांगतो. सकाळी गार असताना नुसत्या ६०० ने काढलेला फोटो १.४ पट मोठा केला तर चष्म्याजवळच्या रेघा एकमेकींत मिसळतात, राखाडी पट्टा दिसतो आणि त्यात मधेच नोटेवर नसलेली खोटी नक्षी उमटते. टीसी १.४ लावला की त्याच रेघा सुट्या होतात, अगदी मोजता येतात. फक्त काळी रेघ काळी न दिसता करडी दिसते, म्हणजे कॉन्ट्रास्ट उतरतो. तो एडिटिंगमध्ये बराचसा परत मिळतो. जी रेघ मुळात टिपलीच गेली नाही ती मात्र कुठल्याही स्लायडरने परत येत नाही, माझ्यासाठी हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे.

झूमला टीसी लावूनही फायदा दिसला, पण प्राईमपेक्षा, म्हणजे एकाच लांबीच्या ६०० पेक्षा, कमी. नुसती झूम आणि नुसती प्राईम यांच्यात पंधरा मीटरवर एकोणीस-वीसचाच फरक होता, टीसी लावल्यावर तो वाढला. यात नवल नाही, लेन्समध्ये जे काही कमीजास्त असेल ते टीसी मोठं करून दाखवतो. आणि ८०० बिनटीसीची ती ६०० अधिक १.४ पेक्षा सरळ सरळ चांगली, रेघा सुट्या पण आणि काळ्या पण, शिवाय एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, प्रकाश.

२ चा टीसी: ६०० वर १२०० एफ १३ होतो. ८०० वर १.४ लावला की ११२० एफ ९. जवळजवळ तेवढीच लांबी, पण दोन फोटो शेजारी ठेवले तर कोणालाही सांगावं लागणार नाही कुठला चांगला.

आता अकराच्या उन्हातली होडी. तिथे सगळं एकाच पातळीवर आलं. ८००, ६००, टीसी, बिनटीसी, नाळेवरचा नंबर सगळ्यात सारखाच वितळलेला. म्हणून माझं म्हणणं असं, की टीसी चांगला की वाईट हे विचारायच्या आधी पक्षी किती लांब आहे, मधली हवा कशी आहे आणि लेन्सचं तोंड केवढं आहे हे विचारा. टीसीचं उत्तर या तिन्हीवर ठरतं, टीसीच्या किमतीवर नाही.

रापण

बरा काम केलास रे! माका एक इचारूचा आसा. माझ्याकडे जुनी एपीएससी (लहान सेन्सरची) डीएसएलआर आणि १५०-६०० झूम आहे, ६०० ला एफ ६.३. चिवल्याच्या किनाऱ्यावर सुरय कायम शंभर फुटांच्या पलीकडे बसतात. सेकंडहँड १.४ मिळतोय स्वस्तात, घेऊ काय?

खाडीकाठ

रापण, नको. ६.३ ला १.४ लावला की एफ ९ होतो, आणि डीएसएलआरचा ऑटोफोकस फार तर एफ ८ पर्यंत चालतो, तोही चांगल्या बॉडीत आणि मधल्या मोजक्या पॉइंटवर. त्यापुढे फोकस नुसता पुढे-मागे शोधत राहील. लाइव्ह व्ह्यूमध्ये चालेल कदाचित, पण उडत्या सुरयाला त्याचा उपयोग नाही. मिररलेसमध्ये (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात) ही अडचण नाही, तिथे फोकस सेन्सरवरच होतो आणि एफ ११ ला सुद्धा पकडतो. जुन्या डीएसएलआरवर टीसी लावायचा तर एफ ४ ची लेन्स हवी, किंवा फार तर एफ ५.६ ची. ७०-२०० एफ २.८ वर २ चा टीसी लावून ४०० एफ ५.६ करणारे पण आहेत, तेवढ्यावर भागत असेल तर तोही मार्ग आहे.

उधाण

मेहनत मान्य, पण मी असहमत आहे. टीसी १.४ लावला की एक स्टॉप गेला. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८०० चा १६०० झाला, नॉइज (फोटोतले दाणे) वाढला, बॅकग्राउंड खराब झालं. त्यापेक्षा नुसत्या लेन्सने काढायचं, क्रॉप मारायचा आणि एआयवालं डिनॉइज आणि एनलार्ज चालवायचं. आता सॉफ्टवेअर इतकं पुढे गेलंय की काचेचा एक जादा डबा मधे घालायची गरजच नाही. हर्णैच्या लिलावाच्या वेळी कुरवांचे फोटो मी असेच काढतो, प्रिंट पण केलेत, कोणी नावं ठेवली नाहीत.

खाडीकाठ

उधाण, एक स्टॉपवाला मुद्दा सगळे सांगतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लेन्सचं तोंड म्हणजे प्रकाश आत येतो ते भोक. लांबी भागिले एफ नंबर केलं की ते मिळतं. ६०० भागिले ६.३ म्हणजे ९५ मिलिमीटर. टीसी लावून ८४० एफ ९ केलं तरी ९३-९५ च. तोंड तेवढंच राहिलं, म्हणजे पक्ष्यावरून येणारा प्रकाश तेवढाच आत आला. फक्त तो आता दुप्पट पिक्सेलवर पसरला. प्रत्येक पिक्सेलला अर्धा प्रकाश, म्हणून आयएसओ दुप्पट, पण पक्ष्याला पिक्सेल पण दुप्पट. शेवटी फोटो एकाच साइजला छापला की नॉइज जवळजवळ सारखाच. तुम्ही क्रॉप करता तेव्हा नॉइज पण मोठा करता, तो हिशोब आयएसओच्या आकड्यात दिसत नाही म्हणून लोक फसतात. बॅकग्राउंडचं पण तेच, तोंड तेवढंच असेल आणि पक्षी फ्रेममध्ये तेवढाच मोठा केला असेल तर मागचं धूसरपण सारखंच येतं. डीएक्स मोड (सेन्सरचा फक्त मधला भाग वापरणारा) लावून रीच वाढला म्हणणारे पण क्रॉपच करत असतात, फक्त कॅमेऱ्यात.

८०० एफ ६.३ चं तोंड १२७ मिलिमीटर. क्षेत्रफळ काढलं तर ६०० च्या पावणेदोन पट. तिथे पक्ष्याचा प्रकाश खरोखरच जास्त येतो आणि म्हणून ती जास्त चांगली दिसते. पैसे आणि वजन पण त्याचंच लागतं, ८०० पीएफ २३८५ ग्रॅमची आहे आणि ६०० पीएफ कॉलर धरून १४७० ग्रॅमची.

एआय बद्दल, डिनॉइज मी पण वापरतो आणि छान चालतं. पण एनलार्ज करणारं सॉफ्टवेअर नसलेल्या रेघा स्वतः काढतं. नोटेच्या क्रॉपवर चालवून बघितलं. रेघा आल्या, एकदम कडक आल्या, पण चष्म्याच्या काडीजवळ त्यांची दिशाच वेगळी. नोट हातात होती म्हणून कळलं. सुरयाच्या पिसांचं कोण तपासणार? चिखल्या आणि तुतारी हे किनाऱ्यावरचे पक्षी ओळखायला आपण पाठीवरच्या पिसांच्या कडा बघतो, त्या कडा जर सॉफ्टवेअरने बनवल्या असतील तर त्या फोटोवरून पक्षी ओळखणं धोक्याचं आहे. इन्स्टाला टाकायचा फोटो असेल तर तुमची पद्धत चालेल.

कातळसडा

चर्चा वाचून आनंद झाला. मी रत्नागिरीत पदार्थविज्ञान शिकवायचो, आता निवृत्त आहे आणि भाट्याच्या खाडीवर रोज सकाळी असतो, त्यामुळे यावर लिहायला बसलो.

टीसी म्हणजे मूळ लेन्सच्या मागे बसवलेला अंतर्गोल भिंगांचा संच. कल्पना जुनी आहे, पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने १८३० च्या दशकात दुर्बिणीसाठी असंच भिंग सुचवलं आणि आकाशनिरीक्षक आजही त्याला बार्लो लेन्स म्हणूनच ओळखतात. काम तेच, प्रतिमा ताणायची. ताणताना दोषही ताणले जातात. पण फक्त मधला भाग वापरला जातो, लेन्सचे कोपरे बाहेर राहतात, आणि लेन्स सगळ्यात चांगली मध्यावरच असते. एमटीएफ चार्ट (कंपनी देते तो लेन्सच्या शार्पनेसचा आलेख) बघताना हे लक्षात ठेवा. चार्टवर ३० रेघा प्रति मिलिमीटरची जी रेष असते, टीसी १.४ लावल्यावर सेन्सरवर तेवढ्या रेघा हव्या असतील तर मूळ लेन्सने ४२ रेघा द्यायला हव्यात. ३० वरच धापा टाकणाऱ्या लेन्सला टीसी का झेपत नाही ते यावरून कळेल.

आता विवर्तन. एका बिंदूतून आलेला प्रकाश सेन्सरवर बिंदू म्हणून पडत नाही, चकती म्हणून पडतो. हिरव्या प्रकाशासाठी तिचा व्यास एफ ६.३ ला साधारण साडेआठ मायक्रॉन, एफ ९ ला बारा, एफ १३ ला सतरा. झेड ८ चा पिक्सेल ४.३५ मायक्रॉनचा. म्हणजे एफ ६.३ ला चकती जेमतेम दोन पिक्सेलची. लेन्स जे देतेय ते सेन्सर पूर्णपणे टिपत नाही, म्हणूनच खाडीकाठ यांना नोटेवर खोटी नक्षी दिसली. टीसीने चकती मोठी होऊन तीन पिक्सेलची झाली आणि जास्त माहिती हाती लागली. पण चकती चार-पाच पिक्सेलच्या पुढे गेली की मग टीसी लावून नुसता फुगवटा मिळतो. त्यामुळे टीसीचा फायदा बॉडीवर पण अवलंबून आहे. २४ मेगापिक्सेल फुल फ्रेमवर, जिथे पिक्सेल सहा मायक्रॉनचा आहे, तिथे सगळ्यात जास्त. दाट पिक्सेलच्या एपीएससी बॉडीवर सगळ्यात कमी.

तुतारी

सर, हे वाचून माझा एक जुना प्रश्न सुटला! माझ्याकडे कॅनन आर ७ आणि १००-५०० एफ ४.५-७.१ आहे. मैत्रिणीचा १.४ आणून लावला होता आणि ७०० एफ १० ला काढलेल्या फोटोत क्रॉपपेक्षा नवीन असं जवळजवळ काहीच दिसलं नव्हतं. तेव्हा वाटलं फोकस चुकला असेल, म्हणून पुन्हा केलं तरी तेच. आर ७ चा पिक्सेल ३.२ मायक्रॉनचा आहे. म्हणजे नुसत्या ५०० ला एफ ७.१ वरच चकती तीन पिक्सेलची झालेली असते. तोच टीसी मैत्रिणीच्या २४ मेगापिक्सेलवर मात्र छान चालतो.

अजून एक, ज्यांना १००-५०० वर आरएफचा (कॅननच्या मिररलेसचा) टीसी घ्यायचाय त्यांनी आधी हे वाचा. तो फक्त ३०० ते ५०० मध्येच बसतो, आधी झूम ३०० च्या पुढे न्यायची मग लावायचा, आणि लावलेला असेपर्यंत ३०० च्या मागे येत नाही. म्हणजे लेन्स पूर्ण मिटत नाही, बॅगेत तशीच लांब ठेवावी लागते. देवबागला संगमावर डॉल्फिन कधी बोटीच्या बाजूलाच वर येतात, तेव्हा १०० लागतं आणि हातात ४२० च्या आत काही नसतं. बोटीवर टीसी नकोच, एकतर हलती बोट त्यात एफ १०.

पडाव

तुतारीताई, बोटीबद्दल शंभर टक्के सहमत. माझी सोनी २००-६००, १.४ सकट ८४० एफ ९. मी तो टीसी वापरतो, पण एका ठरावीक पद्धतीने, घरातून निघतानाच ठरवतो आज लावायचा की नाही आणि किनाऱ्यावर काढ-घाल अजिबात करत नाही. आपल्याकडे हा मुद्दा शार्पनेसपेक्षा मोठा आहे असं मला वाटतं. दुपारनंतर खारा वारा सुटला की हवेत बारीक वाळू आणि मिठाचा फवारा असतो, दिसत नाही पण चष्मा पुसला की कळतं. त्यात लेन्स काढायची, टीसी काढायचा, दोन टोप्या सांभाळायच्या, बॉडीचं तोंड उघडं. मिररलेसमध्ये सेन्सर समोरच असतो. एक मिठाचा थेंब सुकला की तो ब्लोअरने जात नाही, ओल्या स्वॅबनेच काढावा लागतो.

म्हणूनच मला आतच टीसी असलेल्या लेन्सचं मोल वाटतं. कॅननची २००-४०० एफ ४ ही २०१३ सालची, तिच्यात १.४ आतच होता. आता निकॉनच्या ४०० एफ २.८ आणि ६०० एफ ४ मध्ये आहे, ओएम सिस्टिमच्या १५०-४०० मध्ये १.२५ चा आहे. बोटाने खटका सरकवला की झालं, आणि तो टीसी त्या एकाच लेन्ससाठी बनवलेला असल्यामुळे क्वालिटीही चांगली राहते. त्या लेन्स लाखोंच्या घरात आहेत हे खरं, पण भाड्याने मिळतात, आणि चौघांनी मिळून शनिवार-रविवारसाठी घेतली तर जमतं.

ज्यांना वाटतं टीसी म्हणजे कमअस्सल, त्यांच्यासाठी एक माहिती. कॅननच्या आरएफ ८०० एफ ५.६ आणि १२०० एफ ८ या २०२२ च्या लेन्सची रचना ४०० एफ २.८ आणि ६०० एफ ४ वरच बेतलेली आहे, मागच्या बाजूला लांबी दुप्पट करणारी भिंगं कायमची बसवलेली. म्हणजे तत्त्व तेच.

सोनीवाल्यांनी एक लक्षात ठेवा, ई माउंटच्या (सोनी बॉडीला बसणाऱ्या) सिग्मा-टॅमरॉन लेन्सवर टीसी चालत नाही. सिग्माचे स्वतःचे टीसी एल माउंटसाठी आहेत. आधी झूम घेऊन मग टीसी शोधणारे खूप भेटतात.

उधाण

खाडीकाठ, तोंडाचा हिशोब पटला. कागदावर करून बघितला, बरोबर येतो. आयएसओबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो. पण मग होडीचं काय? ८०० सारखी लेन्स आणि नंबर वितळलेला, हे जरा सविस्तर सांगा, कारण आमच्या हर्णैला सगळी मजा नऊनंतरच असते.

खाडीकाठ

उधाण, यावर लिहायचंच होतं कारण आपल्या किनाऱ्यावर निम्मे फोटो यानेच खराब होतात आणि लोक लेन्सला दोष देतात, सर्व्हिसला पाठवतात.

दुपारी डांबरी रस्त्यावर हवा थरथरताना दिसते ना, तीच थरथर वाळूवर, कातळावर, ओहोटीच्या चिखलावर सकाळी नऊ-साडेनऊपासूनच सुरू असते, फक्त डोळ्याला दिसत नाही. तापलेली आणि गार हवा एकमेकींत मिसळते, प्रत्येक थर प्रकाशाला थोडा वाकवतो. ६०० एमएम ते वाकणं दाखवते, ८४० आणखी मोठं करून दाखवते. पंधरा मीटरवर मधे हवाच कमी म्हणून त्रास कमी, दीडशे मीटरवर दहापट हवा. शटर स्पीड वाढवून हे जात नाही. १/४००० ला सुद्धा पिसं वाकडी येतात, फक्त वाकडेपणा गोठतो. आणि फोकस पण फसतो, डोळ्यावर चौकोन हिरवा दिसतो पण घरी येऊन बघावं तर काहीच कडक नाही.

आम्ही काय करून बघितलं ते सांगतो. एक म्हणजे वाळूच्या मागच्या बाजूला सुरूच्या बनात बसून, मधे पन्नास मीटर कोरडी वाळू ठेवून फोटो काढू नका. पाण्याच्या कडेला ओल्या वाळूवर या. पाण्यावरची हवा वाळूवरच्या हवेपेक्षा खूप शांत असते. आणि समुद्रावरून वारा सुटला की तो गार हवा आणतो, त्यामुळे तुम्ही पाण्याकाठी असाल आणि पक्षी पाण्यावर असेल तर नऊनंतरही जमतं. हर्णैला कुरव होड्यांभोवती पाण्यावर असतात, तिथे जेवढं पुढे जाता येईल तेवढं जा.

दुसरं, उंची. जमिनीला लागून हवा सगळ्यात जास्त तापते. जेट्टीवरून किंवा कातळावरून जरा उंचावरून काढलं की थरथर कमी होते. पोटावर झोपून पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवरून काढलेला फोटो सगळ्यात देखणा येतो, मला पण तोच आवडतो, पण त्याची वेळ उजाडल्यापासून फार तर दीड-दोन तास. पातळी हवी तर लवकर या, उशीर झाला तर उंची घ्या.

तिसरं, थंडीतल्या पहाटे उलटा प्रकार होतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. जमिनीवरून मतलई वारा येतो, हवा गार असते आणि खाडीचं पाणी तिच्यापेक्षा कोमट. मग पाण्यावरून वाफ निघते आणि अगदी पहाटे सुद्धा खाडीपलीकडचं काही कडक येत नाही. ऊन थोडं चढून हवा आणि पाणी सारखं झालं की मधे एक चांगला तास मिळतो, मग वाळू तापते.

चौथं, गाडी. एसी लावलेल्या गाडीतून लेन्स बाहेर काढली की पुढच्या काचेवर वाफ धरते, टीसी लावलेला असेल तर त्याच्या काचेवर पण धरते आणि ती आतली असल्यामुळे पुसता येत नाही. गावात शिरायच्या आधीच एसी बंद करून खिडक्या उघडायच्या, लेन्स बंद बॅगेतच ठेवून हळूहळू बाहेरच्या हवेला येऊ द्यायची. खिडकीतून फोटो काढत असाल तर इंजिन बंद, बॉनेटवरून निघणारी गरम हवा पण तेवढाच त्रास देते.

आणि हवा खराब असेल त्या दिवशी टीसी बॅगेतच राहू द्या. त्या दिवशी नुसती लेन्स, जवळचे पक्षी, आणि बर्स्ट मारून (एका दमात बरेच फोटो काढून) त्यातला एखादा चांगला निवडणं एवढंच हातात असतं, कारण हवा मधेच क्षणभर स्थिर होते.

धनेश

किनाऱ्याचं झालं, जंगलाचं पण सांगतो. मी चिपळूण-संगमेश्वरच्या बाजूला देवरायांमध्ये धनेशाच्या मागे असतो. तिथे उंबराच्या झाडावर धनेश येतो तो उजाडताना आणि संध्याकाळी, वर दाट पानं, आयएसओ नुसत्या एफ ४ लाच ३२०० च्या वर. तिथे अंतर वीस-पंचवीस मीटर, हवा गार, त्यामुळे टीसीने शार्पनेसचं नुकसान होत नाही, पण फोकस दमतो. काळा पक्षी, काळ्या फांद्या आणि टीसीने आणखी कमी झालेला उजेड, कॅमेरा डोळा सोडून मागच्या उजेडात फोकस करतो. तिथे मी टीसी काढून ठेवतो आणि क्रॉप करतो.

आणि एक विनंती. समुद्र गरुडाच्या घरट्याचे फोटो टाकताना गाव लिहू नका. तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, पण माणसं जवळ गेली की घरटं सोडतो ते कायद्याने थांबत नाही. मोठ्या लेन्सचा आणि टीसीचा खरा उपयोग मला तिथे वाटतो, लांब राहण्यासाठी. फोटो जरा मऊ आला तर येऊ दे.

खाडीकाठ

धनेश, पूर्ण सहमत. घरट्याच्या बाबतीत मी शार्पनेसचा विचारच करणार नाही.

एक राहिलं होतं, पीएफ लेन्सबद्दल. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, संध्याकाळी सूर्य पक्ष्याच्या मागे असतो. पीएफ लेन्समध्ये सूर्य किंवा पाण्यावरची चकाकी फ्रेममध्ये आली की तिच्याभोवती रंगीत कडं येऊ शकतं, ही त्या भिंगाची रचनाच आहे आणि निकॉन स्वतः तसं सांगते. टीसी लावला की एकूण कॉन्ट्रास्ट आणखी उतरतो. सूर्यास्ताचे सिल्हूट काढायचे असतील तर झूम घ्या.

रापण

सगळा वाचलंय, दोनदा वाचलंय. म्हणजे मी टीसी घ्यायचा नाही, आणि मोठ्या लेन्सला पैसे नाहीत. मग सुरय जवळ कसे आणू?

कातळसडा

रापण, तुम्हाला सगळ्यात स्वस्त टीसी सांगतो, भरती. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची अंदाजे वेळ निघते, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. सकाळच्या फोटोसाठी अष्टमी ते एकादशी चांगली, उजेड आणि भरती बरोबर येतात. भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही, पण तुतारी, चिखल्या, सुरय किनाऱ्याकडे सरकतात. तुम्ही भरतीच्या आधीच जाऊन बसायचं, हलायचं नाही, पाणी त्यांना तुमच्याकडे आणतं. उधाणाला (पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीच्या दिवसांत) सकाळी ओहोटी असते, पक्षी लांब चिखलावर पांगलेले, आणि भरती येईपर्यंत वाळू तापलेली. पौर्णिमेला सुट्टी काढून येणाऱ्यांची निराशा होते ती यामुळे.

अंतर निम्मं झालं तर पक्षी फ्रेममध्ये दोन्ही बाजूंनी दुप्पट, मधली हवा निम्मी, आणि एफ ६.३ तसाच. २ चा टीसी हे कधीच देऊ शकणार नाही. फक्त थवा विश्रांतीला बसला असेल तर त्याला उठवायचं नाही, लांबून आलेले असतात, उडण्यात खर्च झालेली ताकद त्यांना परवडत नाही.

रापण

सर, आता समाजला. येत्या दशमीक चिवल्यावर जातंय.

तुतारी

रापण, जाताना एखादी बीन बॅग ने, घरीच शिवता येते, आत तांदूळ भरायचे. ट्रायपॉडपेक्षा खाली बसता येतं आणि वाऱ्याने हूड धरून लेन्स हलत नाही. तांदूळ पावसाळ्याआधी बदल, दमट झाले की बुरशी येते आणि ती बॅग लेन्सच्या कपाटात ठेवलीस तर लेन्सला पण येईल.

पडाव

बुरशीवरून आठवलं, टीसी बहुतेकांचा वर्षातून सहा महिने पडून असतो आणि लोक तो चामड्याच्या पाऊचमध्येच ठेवतात. ते पाऊच ओल धरून ठेवतं. जूनच्या आधी पाऊचमधून काढा, हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा किंवा ड्राय कॅबिनेट असेल तर ४० ते ५० टक्क्यांवर. बॉडी आणि टीसीच्या मधल्या सोनेरी पिना कोरड्या कपड्याने पुसा, खाऱ्या हवेने त्यावर थर बसला की कॅमेरा टीसी ओळखतच नाही आणि एफ नंबर भलताच दाखवतो.

खाडीकाठ

नोटेच्या आणि होडीच्या सगळ्या रॉ फाईल ड्राईव्हवर टाकल्यात, लिंक हवी त्यांनी मेसेज करा. फाईलच्या नावात लेन्स, टीसी, एफ नंबर आणि वेळ आहे. बघताना १०० टक्क्यांवर बघू नका, आधी सगळ्या एकाच साइजच्या करा आणि मग शेजारी ठेवा, नाहीतर टीसीवाली फाईल कायम मऊच वाटेल. पडाव, तुमच्या २००-६०० ची त्याच नोटेवर, त्याच पंधरा मीटरवर केलेली फाईल मिळाली तर त्यातच टाकतो. कॅननवाल्यांकडून १००-५०० आणि २४ मेगापिक्सेल बॉडीची हवी आहे, तुतारीताई, मैत्रिणीला विचारून बघा.